मायावी आणि हलता डोंगर

गेल्या हिवाळ्यात भाच्याला घेऊन वेरूळला गेलो होतो. तो संभाजीनगरलाच इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे लेणी त्याला शाळेच्या सहलींपासून पाठ. तरी या वेळी कैलास लेण्याच्या वरच्या कडेला, जिथून अख्खं मंदिर खाली दिसतं, तिथे तो बराच वेळ रेंगाळला आणि म्हणाला, "मामा, हे कोरायच्या आधी इथला डोंगर कसा दिसत असेल?"

म्हटलं, आधीचा नाही दाखवता येणार, पण आत्ताचा दाखवतो. संध्याकाळी घरी गेलो की. माझ्याकडे कोड आहे!

"माझ्याकडे कोड आहे" हे वाक्य आमच्या धंद्यात फार जपून उच्चारावं. २०१० साली मी हौसेनं वेरूळच्या डोंगराचं त्रिमित चित्र काढणारा चाळीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला होता. चित्र काढायचं खरं काम 'मायावी' नावाची पायथनची ओपन सोर्स लायब्ररी करायची. मायावीबरोबर येणाऱ्या उदाहरणांत एक अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनचं आहे. नासाची उंचीची फाइल उघडायची, आकडे वाचायचे आणि एका ओळीत दरी उभी करायची. मी कॅन्यनच्या जागी आपली फाइल घातली, बस. माझं कर्तृत्व तेवढंच.

ही फाइल एसआरटीएमची. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यान ११ दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्यातल्या जमिनीची उंची रडारनं मोजून आलं. मग त्याचे एक अंश बाय एक अंशाचे तुकडे पाडले, प्रत्येकाची एक फाइल. वेरूळ येतं २० उत्तर, ७५ पूर्व या तुकड्यात. १२०१ ओळी, १२०१ रकाने, म्हणजे चौदा लाखांवर आकडे. गंमत म्हणजे याच तुकड्यात अजिंठाही आहे, पण दौलताबादचा किल्ला मात्र खालच्या तुकड्यात जातो. वेरूळ अगदी तळाच्या कडेला, खालून तीसेक ओळींवर. थोडक्यात बचावलंय. (२०१० साली पहिल्यांदा चित्र काढलं तेव्हा सह्याद्रीच्या रांगांत मध्येच पाताळापर्यंत गेलेल्या विहिरी दिसल्या होत्या. मी हबकलोच. नंतर कळलं की उभ्या कड्यांच्या सावलीत रडारला जिथे काही दिसलं नाही, तिथे फाइलीत उणे ३२७६८ लिहिलेलं असतं. "माहीत नाही" हे सांगायची ती पद्धत. लायब्ररीनं बिचारीनं सांगितलं तेवढं खोल खणलं.)

तर संध्याकाळी भाच्यासमोर लॅपटॉप उघडला, मोठ्या ऐटीत प्रोग्राम चालवला, आणि तो पहिल्याच ओळीला आपटला.

पहिली ओळ अशी होती : 'एन्थॉट डॉट मायावी' मधून एमलॅब आण. मशीन म्हणालं, एन्थॉट नावाचं इथे कोणी राहत नाही.

आता ही ओळ का मोडली हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. प्रभू रामचंद्रन आयआयटी मद्रासला एरोस्पेसचे संशोधक विद्यार्थी होते. विषय द्रवगतिकी, म्हणजे प्रवाह कसे वाहतात ते संगणकावर सोडवायचं. असल्या कामातून आकड्यांचे ढीग निघतात आणि ते नुसते वाचून काही कळत नाही, चित्र लागतं. त्या वेळची चांगली सॉफ्टवेअरं महाग. फुकट होतं ते व्हीटीके. १९९३ च्या सुमाराला जनरल इलेक्ट्रिकमधल्या विल श्रोडर, केन मार्टिन आणि बिल लॉरेन्सन यांनी एका पाठ्यपुस्तकाच्या जोडीला म्हणून लिहिलेलं प्रचंड ताकदीचं सॉफ्टवेअर, पण वापरायला किचकट. साधा गोळा दाखवायचा तर आठ-दहा ओळी. रामचंद्रन यांनी त्याच्यावर पायथनमध्ये एक खिडक्या-बटणांचा प्रोग्राम चढवला आणि नाव ठेवलं मायावी. ऑगस्ट २००१ मध्ये एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या सीएफडी परिसंवादात त्यांनी त्यावर निबंध वाचला. त्याच्या शीर्षकातच हे मोफत साधन आहे असं सांगितलं होतं. मायावी म्हटलं की आपल्याला रामायणातला वालीशी लढता लढता गुहेत शिरलेला असुर आठवतो. पण आकड्यांतून डोंगर उभा करणाऱ्या वस्तूला याहून चांगलं नाव मला तरी सुचत नाही.

पुढे रामचंद्रन पवईला, आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागात प्राध्यापक झाले आणि मायावीचं बिऱ्हाडही त्यांच्याबरोबर महाराष्ट्रात आलं असं म्हणायला हरकत नाही. दरम्यान अमेरिकेत ऑस्टिनच्या एन्थॉट कंपनीबरोबर मायावी जवळजवळ मुळापासून पुन्हा लिहिली गेली. ही 'मायावी २'. गेल व्हारोको नावाच्या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञानं (हाच गृहस्थ नंतर सायकिट-लर्नमुळे जगाला माहीत झाला) तिला एमलॅब जोडलं. एमलॅब म्हणजे माझ्यासारख्या आळशी माणसासाठी केलेली सोय. पृष्ठभाग हवा? 'सर्फ' म्हणा. ठिपके हवेत? 'पॉइंट्स थ्रीडी' म्हणा. खाली व्हीटीकेची जी काय धावपळ व्हायची ती होऊ दे, आपल्याला कशाला?

एन्थॉटच्या घरात होती म्हणून मायावीचा पत्ता 'एन्थॉट डॉट मायावी'. २०११ साली ४.० आवृत्ती निघाली तेव्हा हे आडनाव काढून टाकलं. नुसतं 'मायावी'. निर्णय अगदी योग्य होता, नाव सुटसुटीत झालं. पण जगभरातल्या प्रत्येक जुन्या प्रोग्रामची पहिली ओळ त्या दिवशी शिळी झाली. ज्यांना लगेच बदलायला जमणार नव्हतं त्यांच्यासाठी 'ईटीएसप्रॉक्सी' नावाचं एक छोटं पॅकेज केलेलं होतं, जुन्या पत्त्यावर आलेली पत्रं नव्या पत्त्यावर पाठवणारं. पोस्टमनच म्हणा ना. मी ते कधी बसवलं नाही, कारण मी तो प्रोग्राम तेरा-चौदा वर्षं उघडलाच नव्हता.

पहिली ओळ दुरुस्त केली. तर पुढची आपटली : 'प्रिंट'ला कंस नाहीत. भाचा हसायला लागला. त्याच्या पिढीनं पायथन २ बघितलेलंच नाही.

इथे मला जरा थांबायचंय. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं. मायावीला पायथन ३ चा पूर्ण आधार मिळाला ४.६ मध्ये, २०१८ साली. दहा वर्षं! मधल्या काळात मीही दोन-चार वेळा नाकं मुरडली होती, की काय हे, अजून जुन्यातच अडकलेत. आणि हे म्हणताना एक गोष्ट माझ्या लक्षातच नव्हती. मायावी व्हीटीकेवर उभी आहे, आणि व्हीटीकेलाच पायथन ३ येत नव्हतं. ते आलं व्हीटीके ७.० मध्ये, २०१६ साली. तोपर्यंत पवईत कोणी रात्रंदिवस जागलं असतं तरी उपयोग शून्य. त्याच्याही आधी, २०१३ साली, व्हीटीके ६ नं आपली आतली नळजोडणीच बदलली होती. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात डेटा द्यायची इतकी वर्षं चाललेली साधी पद्धत काढून टाकली. त्यांच्या दृष्टीनं तेही बरोबरच होतं. पण मायावीत जिथे जिथे डेटा हातातून हातात जातो तिथे तिथे "समोर जुनं व्हीटीके आहे की नवं?" हे विचारणारी मधली फंक्शनं घालावी लागली. एवढी मेहनत करून जी आवृत्ती निघते तिच्यात वापरणाऱ्याला नवीन काय दिसतं? काहीच नाही. काल दिसत होतं तेच आजही दिसतं. तेच तर करायचं होतं.

दुपारीच आम्ही कैलास मंदिराच्या दक्षिण अंगाला ते शिल्प बघितलं होतं. खाली रावण, वीस हात लावून कैलास उचलतोय. वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलीये. आणि शंकर शांत, नुसता पाय दाबून डोंगर जागेवर ठेवतोय. वेरूळला हा प्रसंग एकदाच नाही. १४ नंबरात आहे (त्यावरूनच त्या लेण्याला रावणाची खाई म्हणतात), २१ मध्ये आहे, २९ मध्ये आहे. तोच विषय, दर वेळी वेगळ्या हातानं. पण १६ नंबरातलं सगळ्यात जास्त खरं वाटतं, कारण तिथे वर खरोखरच अख्खं मंदिर आहे आणि रावण खरोखरच त्याच्या तळाशी अंधारात आहे.

मला आता ते शिल्प बघितलं की लायब्ररी सांभाळणारी माणसंच आठवतात. खालून पायथन हलतंय, व्हीटीके हलतंय, क्यूटी हलतंय, नम्पाय हलतंय. वर चित्र बघणाऱ्याला हादरा जाणवता कामा नये. फरक एवढाच की इथे रावण कोणी वाईट नाही. प्रत्येक जण आपापलं घर नीट करतोय, आणि त्याच्या डोक्यावर आपलं घर आहे.

कैलास कोरणाऱ्यांना निदान हा त्रास नव्हता. दगड हलत नव्हता. त्यांना वेगळाच त्रास होता : वरून खाली कोरत यायचं आणि चुकून जास्त उडालेला टवका परत चिकटवता येत नाही. राष्ट्रकूट कृष्ण पहिल्याच्या काळातलं, आठव्या शतकातलं हे काम. नंतरच्या शतकातल्या, बडोद्याला सापडलेल्या एका राष्ट्रकूट ताम्रपटात असा उल्लेख आहे की हे मंदिर पुरं झाल्यावर खुद्द घडवणारा शिल्पीच चकित झाला, की हे आपल्या हातून झालंच कसं, पुन्हा काही असं जमायचं नाही. आपला तीन वर्षांपूर्वीचा कोड उघडल्यावर आपणही नेमकं हेच म्हणतो. फक्त सूर वेगळा असतो.

असो. प्रिंटला कंस घातले. मग नम्पायची ताकीद आली, की फाइलीतले बाइट्स वाचायला तुम्ही 'फ्रॉमस्ट्रिंग' वापरताय, ते २०१८ पासून नापसंत आहे, 'फ्रॉमबफर' वापरा. जुन्या पायथनमध्ये अक्षरं आणि बाइट्स एकाच पिशवीत असायचे, नव्यात वेगळे झाले, म्हणून हे नावच खोटं पडलं होतं. बदललं. नकोशा विहिरी बुजवल्या. आणि चित्र आलं! वेरूळचा डोंगर, निळा, हिरवा, पिवळा, लाल, माउसनं फिरवता येणारा. भाच्यानं लॅपटॉप ओढूनच घेतला.

थोडा वेळ फिरवून झाल्यावर तो म्हणाला, "मामा, ही डोंगराच्या पायथ्याची पिवळी रेघ म्हणजे लेण्यांची रांग ना?"

मी 'हो' म्हणणार होतो. अगदी ओठांवर आलं होतं. लेणी डोंगराच्या पश्चिम उतारावर उत्तर-दक्षिण अशी दोनेक किलोमीटर पसरली आहेत आणि ती रेघही तशीच जात होती. पण नव्वद मीटरला एक आकडा असलेल्या फाइलीत लेण्यांची रांग दिसेलच कशी? मग रेघ आली कुठून?

रेघ डोंगरात नव्हती. रंगात होती. २०१० साली मी प्रोग्राममध्ये 'जेट' नावाची रंगपट्टी लिहिली होती, कारण तेव्हा सगळेच लिहायचे. जेट निळ्यापासून निघते, मग आकाशी, पिवळा, आणि शेवटी लाल. पण आपल्या डोळ्याला पिवळा आणि आकाशी इतर रंगांपेक्षा फार उजळ दिसतात. त्यामुळे आकडे अगदी सावकाश, सारखे वाढत असले तरी मध्येच एक झगझगीत पट्टा उमटतो आणि वाटतं की इथे काहीतरी आहे. तिथे काही नसतं. शिवाय हे चित्र काळ्या-पांढऱ्यात छापलं तर सगळ्यात खोल आणि सगळ्यात उंच जागा सारख्याच काळ्या दिसतात.

या जेटची गोष्ट मायावीच्या थोरल्या शेजाऱ्याची, मॅटप्लॉटलिबची. ती जॉन हंटर यांनी लिहिली. मेंदूवर संशोधन करणारा माणूस, अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युतसंकेत बघायला त्यांना साधन हवं होतं. मॅटलॅबची सवय होती, म्हणून २००३ साली बाहेर आलेल्या मॅटप्लॉटलिबमध्ये आज्ञा मॅटलॅबसारख्या आणि मूळ रंगपट्टीही मॅटलॅबचीच, जेट. ऑगस्ट २०१२ मध्ये हंटर कर्करोगाच्या उपचारांतल्या गुंतागुंतीमुळे वारले. वय ४४. लायब्ररी इतर लोकांनी उचलून धरली, आणि त्यांच्यासमोर हा प्रश्न होताच : आपलं न सांगता निवडलेलं चित्र बघणाऱ्याला फसवतंय. बदलावं का?

सोपं वाटतं, पण लाखो लोकांचे शोधनिबंध, प्रबंध, ऑफिसातले अहवाल त्या रंगांत आहेत. रंग बदलला की उद्या कोणीतरी म्हणणार, माझं कालचं चित्र आज वेगळं का दिसतंय? आणि लायब्ररीच्या स्वतःच्या तपासण्याही चित्रांवरच चालतात. आधी काढून ठेवलेलं नमुना-चित्र आणि आत्ता निघालेलं चित्र ठिपक्याला ठिपका ताडून बघायचं. त्यात नुसती अक्षरं उमटवणारी फ्रीटाइप लायब्ररी बदलली तरी अक्षरांच्या कडा केसभर सरकतात आणि ढिगानं तपासण्या नापास होतात. म्हणून तपासणीसाठी वर्षानुवर्षं फ्रीटाइप २.६.१ हीच एक आवृत्ती धरून ठेवली होती. तुम्ही-आम्ही ज्याकडे बघतही नाही त्या आसाच्या आकड्यांसाठी एवढी कसरत!

तरीही त्यांनी बदललं. स्टेफान व्हॅन डर वॉल्ट आणि नॅथॅनियल स्मिथ यांनी २०१५ मध्ये 'व्हिरिडिस' ही नवी रंगपट्टी मांडली. गडद जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत, उजेड सारखा चढत जाणारा, लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्या डोळ्यांनाही नीट वाचता येणारा. ती आधी १.५ मध्ये नुसती हाताशी ठेवली, ज्याला हवी त्यानं घ्यावी. मूळ रंग बदलायला मात्र वेगळी मोठी आवृत्ती काढली, जानेवारी २०१७ ची २.०, आणि तिचा मुख्य विषयच हा : न सांगता मिळणारं रूप बदलतंय. जुनंच हवं असेल त्याला 'क्लासिक' एवढं एका ओळीत लिहायची सोय. मला यातली सभ्यता फार आवडते. चुकीचं रूप मोडलं, पण गुपचूप नाही मोडलं. (मॅटलॅबनंही २०१४ मध्ये जेट सोडून दिली होती. म्हणजे आम्ही जेटला चिकटून होतो तो फक्त सवयीमुळे.)

मायावीचं मोडणं वेगळं, मॅटप्लॉटलिबचं वेगळं. एकीत खालची जमीन सरकली म्हणून तोंड फिरवावं लागलं, दुसरीत स्वतःचीच जुनी चूक कबूल करायची होती. मला विचाराल तर दुसरं जास्त अवघड. आणि दोन्हीकडे काम करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आपल्याकडे मायावी एका भारतीयानं लिहिली याचा अभिमान सांगणारे मी बरेच बघितलेत, मीच त्यातला एक. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पानं केंद्र सरकारच्या पैशावर कॉलेजांत पायथन पोचवलं, डिसेंबर २०११ मध्ये पवईलाच सायपाय इंडियाची परिषद भरली, हेही खरं. पण चौदा वर्षांत मी मायावीसाठी केलं काय? नाकं मुरडली. एक साधी चूकसुद्धा कळवली नाही.

हे सगळं भाच्याला सांगितलं नाही. (निम्मं सांगितलं. मग त्याचं जेवण गार झालं म्हणून ताई रागावली.) फक्त 'जेट' खोडून तिथे राखाडी रंगपट्टी लिहिली आणि पुन्हा चालवलं. पिवळी रेघ गेली. उरला तो एक साधा, सावकाश चढत जाणारा उतार, खुलताबादच्या पठाराकडे.

"मग यात कैलास कुठेय?" त्यानं विचारलं.

हिशोब केला. कैलासाचं अंगण साधारण ८४ मीटर लांब आणि ४७ मीटर रुंद. फाइलीतला एक आकडा म्हणजे साधारण नव्वद मीटरचा चौकोन. डावीकडून दोनशे पंधरावा रकाना, खालून तिसाव्या-एकतिसाव्या ओळीच्या आसपास... म्हणजे सगळं कैलास लेणं, हत्ती, ध्वजस्तंभ, नंदीमंडप, रावणासकट, एका ठिपक्यात. त्या ठिपक्यावर मी माउस नेऊन दाखवला. शेजारच्या ठिपक्यांसारखाच होता.

भाच्याला ते काही पटलं नाही. २०१४-१५ मध्ये याच मोहिमेची तीस मीटरची फाइल सगळ्या जगासाठी खुली झाली, ती त्यानं त्याच रात्री शोधून काढली. ३६०१ ओळी, ३६०१ रकाने. माझ्या प्रोग्राममध्ये दोन आकडे बदलले आणि चालवला. या वेळी कुठेच आपटला नाही. पूर्व-पश्चिम तीन आणि उत्तर-दक्षिण दोन, असे सहा ठिपके. त्यानं ते बोटानं झाकून बघितले. बोट जरा मोठंच पडत होतं, म्हणून मग करंगळीनं.